साहेबांनी प्रश्न मांडला हो!

अधिवेशन सुरू झाले की जामखेडच्या खर्डा चौकात फ्लेक्स चढतो. साहेबांनी संसद गाजवली! तोंड उघडे, तर्जनी हवेत, पाठीमागे नव्या संसद भवनाचा त्रिकोण आणि खाली पोस्टाच्या तिकिटाएवढे वीस-बावीस भावी नगरसेवक. दुपारपर्यंत दीड मिनिटाचा व्हिडिओ प्रत्येक मोबाइलवर येऊन आदळतो. त्याला ढोल-ताशाची साथ, कारण साहेबांचा मूळ आवाज समोरच्या बाकांवरच्या गप्पांत ऐकूच येत नाही. विषय काय? दिव्यांग, शिक्षण, आरोग्य, घरकुल. दर अधिवेशनात हेच चार, एका दमात.

हे चारच का, याचा कधी विचार केलात? मी केला, मला उद्योग नाहीत. कांद्याच्या निर्यातीवर बोलावे तर पक्षश्रेष्ठींना विचारावे लागते. आरक्षणावर बोलावे तर निम्मा तालुका रुसतो. वाळूवर बोलावे तर आपलेच कार्यकर्ते रुसतात, मग निवडणुकीला गाड्या कोण देणार? पण कुबडी घेतलेल्या माणसाच्या बाजूने बोलले तर कोण रुसणार? कुबड्यांच्या विरोधात मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. शाळा, दवाखाना, डोक्यावर छप्पर, सगळे कसे सर्वमान्य, सर्वपक्षीय, सात्त्विक. असल्या विषयांवर गर्जना करायला छातीचा कोट लागत नाही, माइक चालू असला की पुरते.

आणि साहेब म्हणजे कोण, हे शोधत बसू नका. चिन्ह बदला, गमछ्याचा रंग बदला, साहेब तेच राहतात.

आता फ्लेक्सवर न छापलेला भाग. साहेब गरजले ते बहुधा शून्य प्रहरात. दुपारी बाराच्या सुमाराचा हा प्रहर इतका पवित्र, की लोकसभेच्या नियमावलीत त्याचे नावही नाही. तिथे बोललेल्या गोष्टीवर मंत्र्याने उत्तर द्यायचे बंधन नाही. मंत्री समोर असेल, नसेल, असला तर जागा असेलच असे नाही. दुसरा मार्ग नियम ३७७ चा. तिथे अडीचशे शब्दांत दुःख मांडायचे. महिन्याभरात पत्राने उत्तर यावे अशी अपेक्षा असते. अपेक्षा हा शब्द सरकारी कागदात आला की आपण काय ते समजून घ्यावे. तिसरा मार्ग प्रश्नोत्तरांचा. रोज २० तारांकित प्रश्न, त्यांपैकी तोंडी उत्तर मिळते चार-पाचांना; बाकीचे आणि २३० अतारांकित प्रश्न लेखी उत्तरासह पटलावर. पटलावर ठेवलेली वस्तू पुन्हा कुणी उचलल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

आणि उत्तर काय येते? उपनिषदातल्या ऋषींनी ब्रह्माचे वर्णन ‘नेति नेति’ असे केले. आपल्या मंत्रालयांनी तेच तत्त्व कारकुनी भाषेत उतरवले आहे. आरोग्य? राज्यघटनेची सातवी अनुसूची, राज्यसूची, नोंद ६. राज्याचा विषय. दिव्यांगांना साहाय्य? त्याच सूचीतली नोंद ९. राज्याचा विषय. घरासाठी जमीन? नोंद १८. राज्याचा विषय. शिक्षण १९७६ साली ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. म्हणजे ते दोघांचे. म्हणजे कुणाचेच नाही. साहेब ज्या राज्यघटनेची शपथ घेऊन आत गेले, तिच्याच मागच्या पानांवर हे छापलेले आहे. पण शपथ घेताना मागची पाने उलटायची पद्धत नाही.

बरे, मग मुंबईला जावे. तिथे ब्रह्मवाक्य तयारच असते: केंद्राकडे पाठपुरावा सुरू आहे. झाले! दिल्ली म्हणते मुंबई, मुंबई म्हणते दिल्ली, आणि ज्याच्या नावाने हा खेळ चालतो त्याला मुळात उठून उभे राहता येत नाही, तो कुठे धावणार?

इथे कुणी म्हणेल, साहेबांचा बिचाऱ्यांचा काय दोष, विषयच राज्याचा. थांबा. दिल्लीचे स्वतःचे, शंभर टक्के दिल्लीच्या तिजोरीतून येणारे एक देणे आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना. महिना रुपये ३००. हा आकडा २०१२ सालचा आहे. तेव्हापासून सरकारे बदलली, नोटा बदलल्या, संसदेची इमारत बदलली, आमच्या नगर जिल्ह्याचे नाव बदलले. हे ३०० जागचे हलले नाहीत. संसदेच्याच स्थायी समितीने ते वाढवा म्हणून वारंवार सुचवले. समितीचे अहवालही पटलावरच ठेवतात.

आणि हे ३०० तरी कुणाला? दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, आणि तोही ८० टक्के दिव्यांग हवा. इतर सवलतींना ४० टक्के चालतात. एक पाय गुडघ्याखाली गेलेला माणूस एसटीच्या सवलतीपुरता दिव्यांग असतो, तीनशे रुपयांसाठी त्याने आणखी काय तोडून आणावे ते योजनेत लिहिलेले नाही.

आता दुसरा आकडा बघा, करमणूक होईल. २०१८ च्या वित्त कायद्याने खासदारांचे वेतन महागाईच्या निर्देशांकाला बांधले. दर पाच वर्षांनी आपोआप वाढ. कुणी शून्य प्रहरात उठायचे नाही, कुणी घसा खरवडायचा नाही, फ्लेक्स लावायचा नाही. मार्च २०२५ मध्ये अधिसूचना निघाली आणि १ लाखाचे १ लाख २४ हजार झाले, तेही १ एप्रिल २०२३ पासून मागील फरकासह. माजी खासदारांचे निवृत्तिवेतन २५ हजारांवरून ३१ हजार. सभागृहात हजर राहण्याचा भत्ता दिवसाला २ हजारांवरून २५००. बघा, प्रश्न न मांडता किती प्रश्न सुटतात!

२५०० हा आकडा लक्षात ठेवा. त्याच वर्षी सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेतल्या दिव्यांगांचे अर्थसाहाय्य १५०० वरून २५०० केले. महिन्याला. म्हणजे लोकशाहीच्या मंदिरात बसण्याचा एका दिवसाचा मोबदला आणि पाय नसताना जगण्याचा एका महिन्याचा मोबदला आता बरोबर एकसारखा झाला. समता म्हणतात ती हीच असावी. शिवाय त्या २५०० साठी घरादाराचे मिळून वर्षाचे उत्पन्न ५० हजारांच्या आत हवे, आणि आपण जिवंत आहोत याचा दाखला दरवर्षी द्यायला हवा. खासदाराला हयातीचा दाखला फक्त दर पाच वर्षांनी मागतात, तोही आपण मागतो, आणि तेव्हा आपल्याला जात आठवते.

गंमत म्हणजे ही हजार रुपयांची वाढ झाली त्याच्या आधी, जूनमध्ये, माजी आमदार बच्चू कडू गुरुकुंज मोझरीत अन्नत्याग करून बसले होते. मागणी ६ हजारांची होती. कडू २०२४ ची निवडणूक हरलेले, म्हणजे तेव्हा कुठल्याच सभागृहात नव्हते. आवाज उठला तो रस्त्यावरून. योगायोग म्हणा, मला भांडायचे नाही.

प्रश्न कोणत्या भाषेत मांडावा, यावर मात्र आमच्या मतदारसंघाने देशाला मार्गदर्शन केले आहे. २०२४ च्या लोकसभेला आमच्या नगरमध्ये रोजगाराचा वाद झाला नाही, पाण्याचा झाला नाही. वाद झाला इंग्रजीचा. डॉ. सुजय विखे, पेशाने मेंदूचे शल्यविशारद, यांनी निलेश लंके यांना आव्हान दिले, की माझ्यासारखे इंग्रजी बोलून दाखवा, मग मी उमेदवारी अर्जच भरत नाही. लंके इंग्रजी न बोलता २८-२९ हजारांनी निवडून आले, आणि जूनमध्ये त्यांनी लोकसभेत शपथ घेतली ती इंग्रजीत. शेवटी रामकृष्ण हरी म्हणायला विसरले नाहीत. अख्ख्या जिल्ह्याने टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, जिरवण्याचा आनंद मोठा असतो. पण टाळ्या थांबल्यावर मला एक बारीकशी शंका आली. लोकसभेत मराठीत बोलायची रीतसर सोय आहे, दुभाषे बसलेले आहेत. मग भांडण कशाचे होते? एक बाजू म्हणत होती, प्रश्न इंग्रजीत विचारता येतो का. दुसरी म्हणाली, हे घ्या इंग्रजी. प्रश्न काय विचारायचा, हे दोघांपैकी कुणीही त्या गदारोळात सांगितले नाही, आणि आपणही विचारले नाही. राज्यसूचीचे उत्तर दोन्ही भाषांत उपलब्ध असते.

प्रतिनिधींच्या बाबतीत आमचा तालुका गर्भश्रीमंत आहे, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. चौंडी आमच्याच तालुक्यात, पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मगाव. तिथलेच राम शिंदे. २०२४ च्या विधानसभेला कर्जत-जामखेडमध्ये रोहित पवारांनी त्यांना १२४३ मतांनी हरवले. महिन्याभरात शिंदे विधान परिषदेचे सभापती झाले. म्हणजे जिंकले ते खालच्या सभागृहात विरोधी बाकांवर, आणि हरले ते वरच्या सभागृहात सर्वांत उंच खुर्चीवर. मतदाराने काय ठरवले होते, हे मतदारानेच आता विसरलेले बरे. लोकसभेत लंके, विधानसभेत पवार, परिषदेत सभापती शिंदे, पालकमंत्री राधाकृष्ण विखे. एका दुष्काळी तालुक्याला एवढे प्रतिनिधित्व म्हणजे चैनच झाली.

म्हणून इथे सगळे भव्य होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये खर्ड्याच्या किल्ल्यापाशी ७४ मीटर उंचीचा भगवा स्वराज्य ध्वज उभा राहिला. ६ मे २०२५ ला तर राज्याचे अख्खे मंत्रिमंडळ चौंडीला येऊन बसले. जिल्ह्यासाठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा निर्णय त्याच बैठकीत झाला. चांगला निर्णय, त्याची वाट जिल्हा किती वर्षे बघत होता ते वेगळे सांगायला नको. ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागून करोनाचे किमान ११ रुग्ण गेले, तेव्हाही प्रश्न मांडले गेले होते. सगळीकडे. फार पोटतिडकीने.

पण मला उंचीचे कोडे सुटत नाही. ७४ मीटरचा खांब या तालुक्यात उभा राहू शकतो. सरकारी कचेरीच्या दारात तीन फुटांचा उतार मात्र झोपूनसुद्धा होत नाही. होतो तेव्हा असा होतो, की चाकाच्या खुर्चीतून त्यावर जायला बैल जुंपावा लागेल. आणि तो चढून गेले की पुढे बंद जाळीचे दार, कारण त्या बाजूने कुणी येतच नाही, असे शिपाई सांगतो. खरे आहे. कसे येणार?

दिव्यांगपणाचा दाखला काढायचा असतो तेव्हा माणसाने जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे. जामखेडहून नगर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. एखाद्या वस्तीवरून आधी जामखेडपर्यंत यायचे ते निराळेच. पहाटे घरून निघायचे, कुणाच्या तरी दुचाकीवर, मागे तिसऱ्याने धरून. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, पण ती दाखला दाखवल्यावर. दाखला आणायला जाताना पूर्ण तिकीट. बसची पहिली पायरी गुडघ्याच्या वर. आत चढवले की पुढच्या बाकांवरची अक्षरे वाचावीत, मी नेहमी वाचतो. एका बाकावर दिव्यांगांसाठी राखीव. त्याच्याच आसपास दुसऱ्या बाकावर आमदारांसाठी राखीव. महाराष्ट्राच्या अख्ख्या राज्यकारभारात लोकप्रतिनिधी आणि दिव्यांग यांची जागा इतकी शेजारी-शेजारी दुसरीकडे कुठेही नाही. फक्त एकाच बाकावर गिऱ्हाईक येते.

पुढे दवाखाना. तपासणीचा वार ठरलेला, नंबर मर्यादित. हाडाचे डॉक्टर आले तर कानाचे आलेले नसतात. आधी आधार कार्ड, मग ऑनलाइन नोंदणीची पावती, मग तिच्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव एकच आहे काय, मग पुढच्या आठवड्यात या. जन्मापासून दोन्ही पाय लुळे असलेल्या पोराला तपासणारा विचारतो, कधीपासून? त्याची आई म्हणते, पहिल्यापासून. तो लिहितो आणि म्हणतो, वर्षभराने पुन्हा दाखवा. वर्षभरात पाय फुटतील, असा विज्ञानावरचा हा विश्वास बघून ऊर भरून येतो.

पण याच जिल्ह्यातून निघालेल्या दिव्यांग दाखल्यांनी २०२४ च्या पावसाळ्यात सगळा देश गाजवला, हे आपण विसरलेलो नाही. प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी, खासगी गाडीवर लाल-निळा दिवा, आणि मग केंद्रीय लोकसेवा आयोगाने जुलैअखेर रद्द केलेली उमेदवारी. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून निकाल मी देत नाही. मी एवढेच नोंदवतो, की ज्या कागदासाठी वस्तीवरची बाई पोराला पाठुंगळी घेऊन हेलपाटे घालते, त्या कागदाची खरी किंमत राजधानीला त्या वर्षी कळली. दिव्यांगांच्या प्रश्नावर इतकी चर्चा त्याआधी दहा वर्षांत झाली नव्हती, आणि तिच्यात दिव्यांग कुठेही नव्हते.

घरकुलाची कथा तर महाकाव्य आहे. २०१६ साली पंतप्रधान आवास योजना-ग्रामीण आली, सपाटीवर १ लाख २० हजार. आजही केंद्राचा आकडा तोच. सिमेंटला, सळईला, गवंड्याला हे कुणी कळवलेले दिसत नाही. राज्याने २०२५ मध्ये वर ५० हजारांची भर जाहीर केली, चला, दिवाळी. पण आधी नाव ‘ड’ यादीत हवे. ‘ड’ यादी म्हणजे काय, हे ज्याला कळले त्याने पंचायत समितीत नोकरी मिळवली. उरलेले अजून यादीत नाव शोधत आहेत. मग वाळू. २०२३ साली तेव्हाचे महसूलमंत्री राधाकृष्ण विखे यांनी ६०० रुपये ब्रास वाळूचे धोरण आणले, पहिला डेपो आमच्याच जिल्ह्यात. दोन वर्षांत ते धोरण गेले, नवे आले: घरकुलाला ५ ब्रास मोफत. फुकटची वाळू मिळवायला पास, पास मिळवायला सर्कल, आणि वाळू घरापर्यंत आणायला ट्रॅक्टर, तो ज्याचा आहे तो फ्लेक्सवर खालून तिसरा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ३७ सांगते, की घरांच्या आणि गरिबी निर्मूलनाच्या योजनांत दिव्यांगांना ५ टक्के राखीव. मिळते का? कधीकधी मिळते. आणि मिळाले की काय होते ते सांगतो. घर पंचवीस चौरस मीटरचे. जोते दोन फूट, पावसाचे पाणी शिरू नये म्हणून. तीन पायऱ्या. संडास अंगणाच्या टोकाला, त्यालाही दोन पायऱ्या, वर उकिडवे बसायचे भांडे. मग हप्ता सोडायला मोबाइलवर फोटो काढायचा, लाभार्थी घरासमोर दिसला पाहिजे. तेव्हा दोघे जण त्या माणसाला काखेत धरून उंबऱ्यात उभा करतात. फोटो निघतो. हप्ता येतो. माणूस खाली उतरवून पुन्हा जुन्या छपरात, कारण तिथे जमीन सपाट आहे. सरकारदरबारी एक घर पूर्ण, एक दिव्यांग समाविष्ट, आणि संसदेतल्या उत्तरात एक आकडा वाढलेला.

शिक्षणाचे थोडक्यात उरकतो, शासनाने उरकले आहे तसे. कमी पटाच्या शाळा एकत्र करायचे समूह शाळांचे टुमणे २०२३ मध्ये निघाले; शाळा लांब गेली की आधी घरी कोण बसणार, हे सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही. एक तर चालू न शकणारे मूल, दुसरे ऊसतोडीला गेलेल्यांचे. आमच्या भागात काही घरांत दोन्ही एकच असते. विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटावर. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कान उपटल्यावर राज्याने २०२४ मध्ये ४८६० पदांना मंजुरी दिली. न्यायालय हेही एक सभागृह आहे, आणि तिथे ‘राज्याचा विषय’ म्हणून सुटता येत नाही, एवढाच फरक.

मला सर्वांत जास्त हसू येते ते याचे, की हे सगळे जामखेडला घडावे! जगातल्या कुठल्याही सार्वजनिक आरोग्याच्या विद्यार्थ्याला विचारा, त्याला मुंबईचा महापौर माहीत नसेल, जामखेड माहीत असते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपे इथे आले आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्यात बसले. गावातल्या बायका निवडल्या, बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित. त्यांना आठवड्याच्या आठवड्याला शिकवून ग्राम आरोग्य सेविका केले. १९७१ साली या गावांत हजार जन्मांमागे १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात तो आकडा विशीच्या आसपास आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ सालीच या प्रयोगाला आपल्या पुस्तकात प्रकरण दिले, १९७९ ला दोघांना मॅगसेसे. आणि दिव्यांगांचे काय? जयपूर फूट बनवायची कार्यशाळा इथे गावात काढली. पाय गेलेल्याला पाय. इथल्याच माणसांच्या हातांनी, मापात.

आता कुणीतरी नाकाने बोलेल, परदेशी पैसा, मिशनरी वगैरे. ठीक. देशी पैशाने आणि शुद्ध धर्माने कुणी इथे एक पाय बनवून दाखवावा, मी हार घेऊन येतो. आणखी एक भाबडी पंगत आहे, ती म्हणते की बघा, सरकारची गरजच काय, सेवाभाव पुरे. त्यांनाही हात जोडतो. सरकारला जामखेडचा धडा कळला नाही असे नाही, चांगलाच कळला. २००५ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नेमल्या. गावातली बाईच गावाचे आरोग्य सांभाळते, ही कल्पना जिथून सिद्ध झाली त्यांत जामखेड पहिल्या रांगेत. फक्त दिल्लीने त्यात एक सुधारणा केली. तिला स्वयंसेविका ठरवले, म्हणजे पगार द्यायला नको. मग आशाताई संपावर जातात. मग त्यांचा प्रश्न संसदेत मांडला जातो. मग उत्तर येते. कोणते ते तुम्हीच म्हणा, मी दम घेतो.

प्रश्न विचारण्याचे आपल्याकडे कौतुकही उदंड. किती प्रश्न विचारले, किती चर्चांत भाग घेतला, यावर संसदरत्न पुरस्कार मिळतो, आणि महाराष्ट्राचे खासदार त्यात हटकून असतात. उत्तर किती मिळाले याचा रकाना त्यात नाही. शाळेत फक्त हात वर केल्याबद्दल पहिला नंबर देण्यातला हा प्रकार. २००५ साली प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल ११ खासदारांना घरी पाठवले होते, त्यांत महाराष्ट्राचेही होते. निदान तेव्हा प्रश्नाला बाजारभाव तरी होता.

मग प्रश्नच मांडू नयेत काय? मांडा की! संसदेला मनात आले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. डिसेंबर २०१६, नोटाबंदीचे अधिवेशन, रोज गोंधळ, सगळे कामकाज पाण्यात. आणि त्यातच दिव्यांग हक्कांचा कायदा १४ तारखेला राज्यसभेत आणि १६ तारखेला लोकसभेत मंजूर झाला. सात प्रकारांचे एकवीस प्रकार झाले, नोकऱ्यांतले राखीव ३ टक्क्यांचे ४ झाले. दोन दिवसांत. भांडणाऱ्यांनी भांडण थांबवून केले. तेव्हा जमत नाही, हा बहाणा रद्द. लोकसभेत शासकीय आश्वासनांची एक समितीही आहे, मंत्र्याने दिलेला शब्द पाळला का ते बघायला. साहेबांनी तिथे कधी एक पोस्टकार्ड टाकल्याचे फ्लेक्सवर वाचले आहे का? नाही. पाठपुराव्याचा व्हिडिओ निघत नाही ना, त्याला ढोल-ताशा कुठे लावणार?

ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत प्रत्येकाने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, हा महाराष्ट्राचाच नियम आहे. त्याला दिल्ली लागत नाही, इंग्रजी लागत नाही, विमान लागत नाही. सरपंच लागतो. तो फ्लेक्सवर पहिल्या रांगेत डावीकडून दुसरा.

माझी मागणी फार नम्र आहे. दिव्यांगाला ६ हजार द्या, असे मी म्हणत नाही. ते म्हणणाऱ्याला मोझरीत उपाशी बसावे लागते. खासदारांनी स्वतःसाठी जो नियम केला, तोच त्या केंद्राच्या ३०० रुपयांना लावावा. २०१२ पासूनचा हिशेब नको, मागील फरक नको, एकच फेरी, २४ टक्के. ७२ रुपये होतात. ३०० चे ३७२. हा विषय राज्यसूचीत ढकलता येत नाही, नियम ३७७ च्या अडीचशे शब्दांत बसून वर दोनशे शब्द शिल्लक राहतात, आणि विरोध करायला सभागृहात कुणी उभे राहणार नाही. साहेब, इंग्रजीत मागा, मराठीत मागा, शेवटी रामकृष्ण हरी म्हणा नाहीतर म्हणू नका. फक्त आकडा चुकवू नका. ७२.